श्रीमंत लोक धाडस करायला जाऊन मेले की सगळं जग एवढं डोळे लावून का बघतं?

आधीच सांगतो, मी पण बघत होतो, त्यामुळं हे प्रवचन समजू नका.

2023 च्या जूनमध्ये आमच्या बोअरची सबमर्सिबल जळाली होती, पाऊस लांबलेला, ऊस माना टाकायला लागलेला, आणि मी सांगलीत रिवायंडिंगच्या दुकानात रोज हेलपाटे घालत होतो. दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर तेच, टायटन पाणबुडी. 18 जूनला पाच जण टायटॅनिकचा सांगाडा बघायला खाली गेले, पावणेदोन तासात संपर्क तुटला, तिकीट माणशी अडीच लाख डॉलर म्हणजे आपले दोन कोटी, आणि आत हवा 96 तासांची. नवीन गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न मोटरचा नाही, 'किती तास राहिले?' जसं काय मॅचचा स्कोअर.

दुकानवाले अण्णा जन्मभर पाण्यातल्या मोटरी खोलत आलेत. ते म्हणाले, दहा मीटर खाली गेलं की एक किलो प्रेशर वाढतं, हे माझ्या हाताखालच्या पोराला पण कळतंय. टायटॅनिक 3800 मीटरवर आहे. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर 380 किलो, एक खिलार बैलच उभा केला म्हणा की. आणि यांची पाणबुडी कार्बन फायबरची, दोन्ही तोंडाला टायटॅनियमच्या कड्या चिकटवून त्यावर टायटॅनियमचीच झाकणं बसवलेली. 'दोन जातीचा माल, दाब आला की एक एवढा आवळणार, दुसरा तेवढा, मग जोडाचं काय?' कंपनीतल्याच एका माणसानं आधी सांगितलं होतं की हे धड नाही, त्याला 2018 ला घरी पाठवलं. मालक स्टॉकटन रश मात्र स्वतः आत बसलेला, एवढं त्याच्या बाजूनं म्हणावं लागेल.

आता मजा कशाची वाटते तर ह्याचीच, की चहा पीत पीत आपल्याला शहाणं होता येतं. कुणी ढकललं नव्हतं, पैसे भरून गेले, त्यामुळं वाईट वाटून घ्यायची जबाबदारी पण आपल्यावर नाही.

त्याच्या चारच दिवस आधी, 14 जूनला, ग्रीसजवळ आद्रियाना नावाची मासेमारीची बोट बुडाली होती, सुमारे साडेसातशे माणसं कोंबलेली, वाचली 104. त्यात पाकिस्तानातली कितीतरी पोरं होती, कामधंद्यासाठी निघालेली. आमच्या दुकानात तिचं नाव कुणी काढलं नाही, मी पण नाही. लोक म्हणतात गरिबाच्या मरणाला किंमत नसते म्हणून, ते आहेच, पण मला वाटतं अजून एक आहे. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातनं बाहेर पडायला लोक बोटीत बसले, बोट उलटली, 17 जण गेले. ती बातमी कुणी हातात चहा घेऊन 'पुढं काय झालं' असं बघू शकलं नाही, कारण त्या बोटीत आपण नाहीतर आपली आत्या असती. आद्रियाना त्याच जातीची. टायटनमध्ये आपण बसायची काडीची शक्यता नाही, म्हणून तर डोळे फाडून बघता येतं.

फक्त एकदा दुकान गप्प झालं. आतला एक जण 19 वर्षांचा होता, बापाबरोबर गेलेला, त्याचा फोटो आला तेव्हा. अण्णांनी आवाज बंद केला आणि म्हणाले, पोराला कशाला नेलं रे. पाचेक मिनिटं बरं का, मग परत 'किती राहिले'.

23 ला सकाळी मोटर आणायला गेलो तर बातमी आलेली, टायटॅनिकपासून पाचशे मीटरवर तुकडे सापडले. अमेरिकेच्या नौदलाला तर पाणबुडी दाबानं चिरडल्यासारखा आवाज 18 तारखेलाच ऐकू आला होता म्हणे. म्हणजे आम्ही चार दिवस ज्यांची हवा मोजत होतो ते पहिल्याच दिवशी संपले होते, डोळ्याचं पातं लवायच्या आत. अण्णा 'हात्तिच्या' म्हणाले, आणि कुस्त्या लावल्या.