डोळ्यात कॅन्सरचं इंजेक्शन?

प्रश्न : सासूबाई ६३ वर्षांच्या, मधुमेह १८ वर्षांचा. डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे म्हणून डोळ्यात बेव्हासिझुमॅबची इंजेक्शनं घ्यायला सांगितलीत. मोबाइलवर नाव टाकलं तर कॅन्सरचं औषध निघालं. त्या घाबरल्यात. शुगर आता आटोक्यात आहे, मग इंजेक्शन हवंच का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी त्यांना सांगा, कॅन्सर नाही. औषध मात्र तेच. २००४ मध्ये अमेरिकेत ते आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, डोळ्यांचे डॉक्टर त्याकडे नंतर वळले. कॅन्सरमध्ये शिरेतून शेकडो मिलिग्रॅम देतात, डोळ्यात साधारण सव्वा मिलिग्रॅम.

दोन्हीकडे एकच औषध कसं चालतं? वर्षानुवर्षांच्या साखरेने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, काही बंदच पडतात. प्राणवायूला मुकलेल्या पेशी मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. रक्तवाहिन्यांना तो हुकूमच असतो : वाढा, फाटे फोडा! जखम भरताना हा हुकूम कामाचा. कॅन्सरची गाठही आपल्याकडे रक्त ओढायला तोच वापरते. पडद्यात मात्र त्याने वाहिन्या पाझरतात आणि नेमकं मधोमध, जिथून आपण वाचतो तिथे, पाणी साचतं. तीच ही सूज. पुढे नवे फाटे फुटलेच तर ते इतके कच्चे असतात की डोळ्यात रक्तस्राव होतो. औषध या प्रथिनालाच पकडून ठेवतं.

शुगर आटोक्यात आणलीत, छान केलंत. ती तशीच राहू द्या. पण बंद पडलेल्या वाहिन्या त्याने उघडत नाहीत, त्यामुळे हुकूम सुटतच राहतो. औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला इंजेक्शन, मग स्कॅन बघून अंतर वाढवतात. पहिल्यानंतर जरा स्वच्छ दिसलं की लोक येणंच सोडतात, याचा मला फार राग येतो.

सुईची भीती असेल तर थेंब टाकून डोळा बधिर करतात. अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर आधी सांगा. नंतर डोळा दुखून लाल झाला, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उजव्या डोळ्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. तोही बाहुली मोठी करून तपासून घ्या. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, सोबत कुणीतरी जा.