सड्यावर शिबिर भरवा, पण ज्येष्ठांच्या योजनेला हात लावू नका

नेरुळहून एका चित्रकला शिक्षिकेचं पत्र आलं आहे. खासगी शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त, पेन्शन नाही. यजमान ६१ वर्षांचे, त्यांना ईपीएसचे, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचे, महिन्याला तीन हजार मिळतात. घर स्वतःचं, कर्ज नाही. यजमानांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाच खात्यात २० लाख (१४ महिन्यांपूर्वी ८.२ टक्क्यांनी ठेवलेले), बँकेत साडेसहा टक्क्यांनी ९ लाखांच्या ठेवी, म्युच्युअल फंडात ११ लाख. चित्रकलेच्या शिकवण्यांचे महिन्याला १२ हजार येतात, घरखर्च ३८ हजार.

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेल्या असताना त्या डार्टमूरच्या माळरानावर एका चित्र-लेखन रिट्रीटमध्ये राहून आल्या. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: असंच निवासी शिबिर आपल्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. राजापूर तालुक्यात चुलत दिरांचं घर बरीच वर्षं बंद आहे, सडा मागच्या परड्यापासूनच सुरू होतो. दुरुस्तीला ११ लाख लागतील, भाडं महिन्याला १० हजार, बोलणी तोंडी झाली आहेत. त्यांचा हिशोब असा: दहा माणसं, पाच दिवस, माणशी १६ हजार, वर्षाला दहा बॅचेस, म्हणजे १६ लाख. निम्मा खर्च धरला तरी ८ लाख हातात. ज्येष्ठ नागरिक योजनेतले पैसे काढून दीड वर्षात परत भरता येतील. काढावेत का?

ताई, शिबिर भरवा. पैसे काढू नका आणि घर दुरुस्त करू नका. या तीन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींना बांधून आल्या आहेत, त्या सोडवण्यासाठी हे उत्तर.

आधी कल्पनेबद्दल, कारण ती मला मनापासून पटली. डार्टमूरला ग्रॅनाइटचे सुळके आणि दलदल, आपल्याकडे जांभ्याचा सपाट कातळ. पण झाड नाही, आडोसा नाही, वारा आणि आभाळ तेवढं, हा अनुभव जातीचा एकच. शिवाय तुमच्या सड्यावर जे आहे ते तिकडे नाही. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, कशेळी, रुंढेतळी, ही कातळशिल्पं तुमच्याच तालुक्यातली आणि २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीतली. कशेळीच्या हत्तीच्या पोटात कोरलेले प्राणी बघत चित्रकाराला अख्खी सकाळ बसवता येईल. देवाचे गोठण्याला कातळशिल्पाजवळ होकायंत्र धरलं की सुई भरकटते. हे दाखवलंत की लेखक मंडळी संध्याकाळभर दुसरं काही बोलणार नाहीत. गिऱ्हाईक मिळेल का, ही माझी शंका नाही.

माझी शंका महिन्यांबद्दल आहे. दहा बॅचेस कुठे बसवणार, ते कॅलेंडर घेऊन माझ्याबरोबर बघा. जून-जुलैत सड्यावर उभं राहणं कठीण, चित्र काढणं दूरच. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सीतेची आसवं, गेंद फुलू लागतात आणि सप्टेंबरात सडा बघण्यासारखा होतो. पण त्याच सुमारास गणपती. तेव्हा गाड्यांना जागा नसते, गावात स्वयंपाकाला माणूस मिळत नाही, आणि ज्यांचं ते घर आहे ते सगळे भाऊबंद त्याच घरात गणपती आणणार. चुलत दिरांनी हे तुम्हाला सांगितलं नसेल, कारण त्यांच्या दृष्टीने ते सांगण्यासारखं नाहीच, गृहीत आहे. शिमग्यालाही तेच. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि दुपारच्या विजा. मार्च ते मे कातळ तव्यासारखा तापतो आणि गावातला प्रत्येक हात आंब्याला लागलेला असतो. राहिले सप्टेंबरचा शेवट आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातून दिवाळी वजा. तुम्ही एकट्या आयोजन करणार आणि दोन बॅचेसच्या मध्ये नेरुळला येऊन शिकवण्या घेणार, तर सहा बॅचेस होतील. पहिल्या वर्षी चार झाल्या तरी मी खूश होईन.

भाडं मात्र बारा महिन्यांचं द्यायचं आहे.

आता एका बॅचचा हिशोब. ‘निम्मा खर्च’ हा अंदाज कुठून आला ते पत्रात नाही, म्हणून मी तुमच्याच आकड्यांच्या शेजारी खर्च मांडला. माणसं किती का येईनात, काही रक्कम ठरलेलीच: राजापूर रोड स्टेशनवरून ने-आण आणि सड्यावर फिरायला गाडी १८ हजार, पाहुण्या कलाकाराचं मानधन आणि प्रवास २५ हजार, स्वयंपाकाची बाई आणि मदतनीस १२ हजार, गावातला वाटाड्या ४ हजार, गॅस, धुलाई वगैरे ५ हजार. झाले ६४ हजार. त्यावर खाण्याचे माणशी साडेतीन हजार (तुम्ही आणि पाहुणा कलाकार धरून) आणि कागद-रंगांचे शिबिरार्थीमागे हजार. हे माझे अंदाज आहेत, गावात विचारून दुरुस्त करा. पण फार खाली येणार नाहीत.

दहाच्या दहा जागा भरल्या तर १ लाख ६० हजार जमा, १ लाख १६ हजार खर्च, उरले ४४ हजार. सात आले तर साडेनऊ हजार. सहा आले तर खिशातून दोन हजार. पहिल्या दोन वर्षांत दहापैकी सात हीच मी चांगली संख्या मानतो, कारण नावं दहा येतात, पैसे आठ भरतात आणि आदल्या आठवड्यात एकाच्या घरी कुणी तरी आजारी पडतं.

घराचा वर्षाचा बोजा यातून भागायला हवा. भाडं १ लाख २० हजार. वीज, साफसफाई, देखरेख ३६ हजार. ११ लाखांवरचं बुडालेलं व्याज ९० हजार. आणि ते ११ लाख पाच वर्षांत वसूल करायचे म्हटलं तर दर वर्षी २ लाख २० हजार. एकूण साधारण ४ लाख ६६ हजार. सहा बॅचेस ठासून भरल्या तरी हातात येतील २ लाख ६४ हजार. तुमच्या स्वप्नातल्या दहा बॅचेस, दहाही जणांच्या, म्हणजे ४ लाख ४० हजार, तरीही घर भागत नाही. यात तुमच्या मेहनतीचा एक रुपया धरलेला नाही.

डार्टमूरच्या दराशी तुलना करण्याचा मोह इथे होतो. तिथे ९५४ चौरस किलोमीटरचा माळ १९५१पासून राष्ट्रीय उद्यान आहे, चालायला येणाऱ्यांची रीघ जुनी आहे, खाणावळी आणि राहायच्या जागा आधीपासून आहेत. शिबिर भरवणाऱ्याला बारा महिने घर पोसावं लागत नाही. तुम्ही तिथून शिबिर आणलंत, तशीच राहण्याची सोयही दुसऱ्याच्या खर्चाने मिळवायला हवी.

घराबद्दल आणखी एक, आणि हे मी पैशाच्या हिशोबापेक्षा गंभीर समजतो. ते घर ‘चुलत दिरांचं’ म्हणजे नेमकं कुणाचं? घरपट्टी अजून आजोबांच्या नावे असेल, तर वारस किती, त्यातले मुंबईत किती, बोरिवलीतल्या बहिणीने सही दिली आहे का? तोंडी बोलण्यावर तुम्ही कौलं बदलणार, तीन संडास बांधणार, पंप बसवणार. नातं उद्या बिघडलं तर यातलं काहीही उचलून नेरुळला आणता येत नाही. भाडेपट्टा किंवा लिव्ह अँड लायसन्स नोंदणी करूनच व्हायला हवं, सगळ्या वारसांच्या सह्यांनी. कोकणात हे जमवायला किती काळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आणि घर सुंदर झालं की पहिली मागणी कुणाची येते? ज्यांनी इतकी वर्षं तिथे पाऊल टाकलं नाही, त्यांची.

आता ते २० लाख. ज्येष्ठ नागरिक योजनेत एका खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं बंदच करावं लागतं. एक वर्ष झालं आहे, दोन व्हायची आहेत, म्हणून मुद्दलाच्या दीड टक्का कापून घेतात: ३० हजार. उरलेले ८ लाख ७० हजार पुन्हा तिथेच ठेवलेत आणि दर तोच मिळाला, तरी व्याज वर्षाला १ लाख ६४ हजारांवरून ७१ हजारांवर येईल. आज व्याज, पेन्शन आणि शिकवण्या मिळून तुमच्याकडे महिन्याला साडेतेहतीस हजार येतात, म्हणजे साडेचार हजारांची तूट आहे. ती फंडातून भरली तर वर्षाला ११ लाखांतले ५४ हजार जातात. हे चालतं. खातं मोडल्यावर तूट बारा हजारांच्या वर जाते, वर्षाला जवळपास दीड लाख, आणि तो फंड मग फार वर्षं पुरत नाही. यजमानांचं यावर मत काय, हे पत्रात कुठेही नाही. खातं त्यांच्या नावावर आहे.

मग करायचं कसं? बँकेच्या ठेवींपैकी दीड लाख बाजूला काढा. तो तुमचा शिबिराचा सगळा पैसा. तो संपला तर थांबायचं, फंडाकडे बघायचं नाही. त्या परिसरात आधीच चालू असलेला होमस्टे शोधा आणि बॅचपुरत्या खोल्या घ्या. दर वाढवा, २२ हजार ठेवा. ठाणे-पुण्याच्या ज्या माणसाला सड्यावर पाच दिवस काढायचे आहेत, तो १६ला येतो तसा २२लाही येईल. ज्याला महाग वाटेल तो १६लाही घासाघीस करेल. आठ माणसं घ्या, दोघांत एक खोली. दोन हजारांच्या सहा खोल्या (चार शिबिरार्थींच्या, एक तुमची, एक पाहुण्या कलाकाराची), चार रात्री, ४८ हजार. स्वयंपाक होमस्टेवालेच करणार, तेव्हा बाईचे १२ हजार वाचले. १ लाख ७६ हजारांतून १ लाख ४३ हजार गेले, उरले ३३ हजार. सहा जणांवर एक खोली कमी लागून सहाएक हजार उरतात, पाच जणांवर साडेअकरा हजारांचा खड्डा. म्हणून सहा नावं पैशांसकट आली नाहीत तर बॅच रद्द, हे जाहिरातीतच लिहा.

तारखेचं गणित रेल्वेवर ठरवा. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे घोषणा अडीच महिने आधी आणि निम्मे पैसे आरक्षण उघडण्याआधी. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे सावकाश धावते, तेव्हा सप्टेंबरच्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी काहीही महत्त्वाचं ठेवू नका. पैसे परत देण्याचा नियम लेखी हवा: तीस दिवस आधी रद्द केलं तर इतके, पंधरा दिवस आधी इतके, नंतर नाही. शाळेतली बाई म्हणून तुम्ही सगळ्यांना सगळं परत द्याल, हे मला दिसतंय. देऊ नका.

जीएसटीची काळजी तूर्त नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तरी जमाखर्चाचं वेगळं बँक खाते उघडाच.

सुरक्षेवर मात्र पैसे खर्च करा. जांभ्याच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, आणि चित्र काढायला बसणारा माणूस पहिलं काम करतो ते बसायला दगड हलवण्याचं. घोट्यावर येणारे बूट सक्तीचे करा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे का ते प्रत्येक बॅचच्या आधी स्वतः विचारा, गाडी दिवसभर हाताशी ठेवा. वीज कडकडली की सपाट कातळावर ईझल लावून उभा असलेला माणूस सगळ्यांत उंच असतो, म्हणून दुपारनंतरची सत्रं छपराखाली. गटाचा अपघात विमा घ्या. सड्याच्या जमिनी बहुतेक खासगी मालकीच्या आहेत, गट नेण्याआधी ग्रामपंचायतीत आणि मालकांना सांगा. कातळशिल्पांत फोटोसाठी खडू किंवा रांगोळी भरू देऊ नका.

चुलत दिरांना नाही म्हणणं अवघड जाणार, म्हणून असं बोला: ‘घर तुम्ही दुरुस्त करा, निदान दोन संडास आणि पाणी. मी बॅच असेल तेव्हा दिवसाचे तीन हजार देईन, गणपती-शिमगा तुमचा.’ सहा बॅचेसच्या तीस दिवसांचे ९० हजार होतात, त्यांना बंद घरातून आज शून्य मिळतं. ते तयार झाले तर पुढच्या वर्षी बघू. नाही झाले, तर त्या घरात पैसे घालण्याबद्दल घरच्या लोकांचंच मत काय आहे ते कळेल.

पहिली बॅच नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ठेवा. ती झाली की मला दोनच आकडे कळवा: पूर्ण पैसे भरून किती जण आले, आणि त्यांतल्या किती जणांनी पुढच्या बॅचचे आगाऊ पैसे दिले.