पिल्लाआधी त्याची आई बघा

तुम्ही विचारलंय, नागपुरात लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायचंय, एक जण वर्धा रोडवर गाडीत आणून द्यायला तयार आहे, तर ब्रीडर भरवशाचा आहे हे ओळखायचं कसं? त्याच्या घरी जा आणि पिल्लाची आई बघा. घरी बोलवत नसेल तर त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.

माझं पहिलं पिल्लू मी एका चौकात, स्कूटीवर बसल्या-बसल्या घेतलं. "घरी काम सुरू आहे भाऊ, मीच आणून देतो," म्हणाला. खोक्यात ओला पेपर, त्यावर ते बसलेलं. पोट टम्म. मला वाटलं चांगलं खाल्लंप्यालेलं आहे. ते जंतांमुळे होतं. लसीच्या कार्डावर निळ्या पेनाने तारीख होती, पण लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरांची सही-शिक्का नाही. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची संडास. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूचा आजार. तीन दिवस सलाइन लावली, पण वाचलं नाही. नावावरून घरात वाद चालू होता, तो तसाच राहिला.

हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून पुढचं पिल्लू वर्षभराने आणलं. यावेळी कामठी रोडकडच्या एका घरी गेलो. मादी आधी बाहेर आली, माझा हात हुंगला आणि परत पिल्लांजवळ जाऊन पडली. अंगावर मांस होतं, थानं दुधाने भरलेली, बिथरलेली अजिबात नव्हती. आई भित्री किंवा चिडकी असेल तर तो स्वभाव बरेचदा पिल्लांतही उतरतो. ब्रीडर बाईंनी एका वहीत प्रत्येक पिल्लाचं रोजचं वजन लिहिलं होतं. मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली: दिवसा घरी कोण असतं? मे महिन्यात कूलर कुठे लावता? फरशीवर घसरतं का? पिल्लू तेव्हा पाच आठवड्यांचं होतं. मी म्हटलं आजच नेतो, तर त्यांनी साफ नाही म्हटलं.

बरोबरच होतं ते. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तो दाखला बघायला मागा. मादी 18 महिन्यांच्या आत लावायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. हे कितवं वेत आहे, असं सरळ विचारा. खरा ब्रीडर या प्रश्नाने चिडत नाही.

केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद असले तरी तेवढ्यावर भुलू नका. त्यावरून वंशावळ कळते, तब्येत नाही. लॅब्राडोरमध्ये हिप डिस्प्लेशिया, म्हणजे कमरेचा सांधा नीट न बसणं, आनुवंशिक असतो, म्हणून आई-बाप दोघांच्या कमरेच्या सांध्याचे एक्स-रे काढलेत का ते विचारा. आपल्याकडे हे करणारे कमी आहेत, पण विचारणारेच नसतील तर कुणी काढणारही नाही.

आणि कुणी हस्की स्वस्तात देतो म्हणाला तरी नको. आपल्या 45 डिग्रीत त्या जिवाचे हाल होतात.

पिल्लू आणायला सकाळी लवकर जा. सोबत आईच्या अंगाला पुसलेला एक कपडा मागून घ्या, पहिल्या रात्री तो जवळ ठेवला की रडणं बरंच कमी होतं. घरी न्यायच्या आधी डॉक्टरांकडे दाखवा. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहेच. आणि लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत त्याला बागेत, रस्त्यावर खाली सोडू नका.