साठ हजार आसने, दोन हजार तिकिटे

महासाथीच्या काळात फुटबॉलची मैदाने प्रेक्षकांसाठी थोडी थोडी उघडली, तेव्हा मोजकी तिकिटे कोणाच्या हाती पडली आणि कशी, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : २०२० च्या डिसेंबरात इंग्लंडमधील सामन्यांना पुन्हा प्रेक्षक येऊ लागले, परंतु साठ हजारांच्या मैदानात दोनच हजार माणसे बसलेली दिसत. मैदान उघड्या हवेत असताना निम्मी आसने तरी भरायला काय हरकत होती?

उत्तर : दोन हजार हा आकडा सरकारने घातला होता, मैदानाच्या मोजमापातून तो निघालेला नव्हता, हे प्रथम लक्षात घ्यावे. २ डिसेंबर २०२० पासून इंग्लंडचे भाग साथीच्या तीव्रतेनुसार तीन श्रेणींत विभागले गेले. पहिल्या श्रेणीत ४,००० किंवा क्षमतेच्या निम्मे, यांपैकी जी संख्या लहान असेल तितक्या प्रेक्षकांना परवानगी होती. दुसऱ्या श्रेणीत हीच मर्यादा २,००० होती आणि तिसऱ्या श्रेणीत प्रेक्षकांना पूर्ण मनाई होती. आरंभी पहिल्या श्रेणीत आइल ऑफ वाइट, कॉर्नवॉल आणि सिली बेटे एवढाच मुलूख होता आणि तेथे प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल साखळीतील एकही क्लब नाही. त्यामुळे मोठ्या क्लबांच्या दृष्टीने ४,००० ही संख्या कागदावरच राहिली. वीसपैकी दहा क्लब दुसऱ्या श्रेणीत होते, त्यांनाच काय ती दोन हजारांची मुभा मिळाली. ५ डिसेंबरला लंडन स्टेडियममध्ये वेस्ट हॅम आणि मँचेस्टर युनायटेड यांच्यात झालेला सामना हा मार्चनंतर प्रेक्षकांसमोर खेळला गेलेला प्रीमियर लीगचा पहिला सामना. त्या मैदानात तीस आसनांमागे एक माणूस, असे प्रमाण पडले.

तथापि सरकारने काहीच आकडा सांगितला नसता तरी निम्मे मैदान भरले नसते. एका आसनाची रुंदी साधारण अर्धा मीटर धरा आणि वीस आसनांची एक रांग डोळ्यांसमोर आणा. दोन मीटरचे अंतर राखून एकेकट्या माणसांना बसवायचे तर प्रत्येकानंतर तीन आसने मोकळी सोडावी लागतात, म्हणजे रांगेत पाच जण मावतात. पुढची रांग रिकामी ठेवली की चाळीस आसनांत पाच, म्हणजे साडेबारा टक्के. नियम काटेकोर पाळायचा तर एकाऐवजी दोन रांगा रिकाम्या ठेवाव्या लागतात, कारण दोन रांगांतले अंतर एका मीटरहूनही कमी असते. आता त्याच रांगेत एकाच घरातील चार-चार माणसे शेजारी बसवा : चार माणसे, तीन रिकामी आसने, पुन्हा चार, पुन्हा तीन आणि शेवटी चार. रांगेत बारा जण झाले, म्हणजे चाळिसांत बारा. मैदान तेच, अंतर तेच. फरक केवळ कोण कोणाबरोबर आले आहे एवढाच.

याउपर प्रश्न उरतो तो दाराचा. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी ‘ग्रीन गाइड’ नावाची मार्गदर्शिका प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार प्रवेश, आसने, सामना संपल्यावर बाहेर पडणे आणि आपत्काळात मैदान रिकामे करणे अशा चार कसोट्यांवर क्षमता काढतात आणि त्यांतील सर्वांत लहान संख्या अंतिम धरतात. एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे धरावीत, असे ती सांगते. या ६६० जणांना दोन-दोन मीटरवर एका रांगेत उभे केले, तर रांग सव्वा किलोमीटरच्याही पुढे जाते. आसने रिकामी पडलेली पाहून हळहळणाऱ्यांनी ही रांग कोणाच्या दारासमोरून गेली असती, याचाही विचार करावा.

प्रश्न : इतकी थोडी तिकिटे सोडत काढून वाटण्यापेक्षा वर्षानुवर्षे क्लबशी निष्ठा राखणाऱ्यांना ती आधी देणे अधिक न्याय्य नव्हते काय? माझ्या माहितीतील एका गृहस्थांकडे पंचवीस वर्षे हंगामी तिकीट (हंगामातील घरच्या मैदानावरील सर्व सामन्यांचे एकत्र तिकीट) आहे आणि त्यांना एकाही सामन्याला जाता आले नाही.

उत्तर : त्या गृहस्थांविषयी सहानुभूती आहे, पण सोडतीच्या बाजूने मत दिल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ क्लबांत पूर्वी पाहिलेल्या सामन्यांचे, विशेषतः बाहेरगावच्या सामन्यांचे, गुण साठत जातात आणि मागणी जास्त असली की अधिक गुणवाल्यांना तिकीट आधी मिळते. नेहमीच्या काळात ही पद्धत ठीक आहे, कारण थोडीशीच माणसे वगळायची असतात. जेथे शंभरांत पाचांनाच आत घ्यायचे आहे, तेथे गुणांची यादी लावली की वरचे तेच पाच प्रत्येक सामन्याला आत जातात आणि उरलेल्या पंचाण्णवांना घरीच बसावे लागते. शिवाय अशा यादीच्या वरच्या टोकाला वयाने मोठी माणसे अधिक असणार, आणि आजाराचा धोकाही त्यांनाच अधिक होता.

सोडतीतही प्रकार असतात आणि खरा वाद तेथे व्हायला हवा होता. समजा, क्लबाकडे चाळीस हजार हंगामी तिकीटधारक आहेत आणि प्रत्येक सामन्याला दोन हजार जागा आहेत. एकदा नाव निघालेल्याला पुढच्या सोडतींतून वगळले, तर सर्वांना एकेकदा संधी देण्यासाठी वीस सामने लागतात. प्रीमियर लीगच्या हंगामात घरच्या मैदानावर एकोणीसच सामने होतात. म्हणजे ही सर्वांत उदार पद्धत ठेवली आणि हंगामभर परवानगी टिकली, तरी दोन हजार जण कोरडेच राहतात. उलट प्रत्येक वेळी सगळी नावे पुन्हा भांड्यात टाकली, तर हंगामअखेर शंभरांतल्या अडतीसांच्या आसपास पाठीराख्यांचे नाव एकदाही निघालेले नसते आणि काही जणांचे तीन-तीनदा निघालेले असते. दोन्ही पद्धतींना सोडतच म्हणतात; म्हणून क्लबाने सोडत जाहीर केली की पाठीराख्याने पहिला प्रश्न हाच विचारायचा, की नाव निघालेल्याचे पुढे काय होणार.

प्रत्यक्षात परवानगी हंगामभर टिकलीच नाही. लंडन १६ डिसेंबरला तिसऱ्या श्रेणीत गेले आणि तेथील क्लबांची दारे दोन आठवड्यांत पुन्हा बंद झाली. लिव्हरपूल शहरात ती ३१ डिसेंबरपर्यंत तगली. त्या गृहस्थांना एकही सामना मिळाला नाही, याचे मुख्य कारण सोडत नसून दिनदर्शिका आहे.

प्रश्न : नाव निघाल्यावर आयत्या वेळी जाणे जमले नाही, तर ते तिकीट भावाला किंवा मित्राला का देऊ देत नसत?

उत्तर : कारण त्या तिकिटावर आसनाबरोबर माणूसही नोंदलेला असे. प्रेक्षकांपैकी कोणाला बाधा झाल्याचे पुढे कळले, तर त्याच्या भोवती कोण बसले होते हे शोधता यावे, म्हणून नाव आणि संपर्क क्रमांक घेतले जात. तिकीट हातोहात फिरले की ती नोंद निरुपयोगी होते. दुसरे असे, की तिसऱ्या श्रेणीच्या भागात राहणाऱ्यांनी दुसऱ्या श्रेणीतील मैदानावर येऊ नये असा दंडक होता, त्यामुळे पत्ता पाहिला जाई. भाऊ नदीपलीकडे तिसऱ्या श्रेणीच्या भागात राहत असेल तर तो भाऊ असूनही अपात्र ठरे. मित्रांची अडचण याहून मोठी होती. जेथे एका घरातील माणसांनाच शेजारी बसवले जाई, तेथे वीस वर्षे खांद्याला खांदा लावून बसलेले दोन मित्र एकाच सोडतीत निवडले गेले, तरी त्यांना दूर-दूरच बसावे लागे.

प्रश्न : पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचे काय झाले?

उत्तर : त्यांना कोणी विचारलेच नाही. नेहमीच्या काळात प्रीमियर लीगच्या नियमानुसार पाहुण्या क्लबाला ३,००० किंवा मैदान लहान असल्यास क्षमतेच्या दहा टक्के तिकिटे मिळतात. १७ मे २०२१ पासून १०,००० किंवा क्षमतेच्या चतुर्थांश, यांतील लहान संख्या, अशी मुभा मिळाली आणि हंगामाच्या शेवटच्या दोन फेऱ्या प्रेक्षकांसमोर झाल्या, तेव्हाही ती तिकिटे यजमान पाठीराख्यांपुरतीच होती. गाड्या भरभरून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी माणसे साथीच्या दृष्टीने सर्वांत अवघड, हे मान्य केले पाहिजे. पण त्यामुळे मैदानात केवळ एकाच बाजूचा आवाज उरला, हेही खरे.

तटस्थ मैदानावर निराळाच पेच उभा राहिला. २५ एप्रिल २०२१ रोजी लंडनमधील वेम्बली मैदानावर लीग कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेचा अंतिम सामना मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम यांच्यात झाला. गर्दीचा अभ्यास करण्यासाठी सरकारने निवडलेल्या कार्यक्रमांपैकी तो एक असल्याने ८,००० प्रेक्षकांना परवानगी होती. दोन्ही क्लबांना प्रत्येकी २,००० तिकिटे मिळाली आणि उरलेली स्थानिक रहिवाशांना व आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांना दिली गेली. निम्मी आसने क्लबाशी संबंध नसलेल्यांना गेली म्हणून पाठीराखे चिडले. मला तो राग पूर्ण पटत नाही. वर्षभर रुग्णालयात राबलेल्या परिचारिकेला एक सामना पाहायला मिळाला, तर त्यात पाठीराख्यांचे काही लुटले गेले असे म्हणता येत नाही.

प्रश्न : युरो २०२० या युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेची तिकिटे स्पर्धा पुढे ढकलली जाण्यापूर्वीच विकली गेली होती. मग क्षमता घटल्यावर हाती तिकीट असलेल्यांपैकी कोणाला वगळायचे, हे कसे ठरले?

उत्तर : तेथे सोडत उलटी निघाली. प्रथम युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या नियामक संघटनेने, तिकीटधारकांना पैसे परत घेण्याची संधी दिली. त्यानंतरही विकलेली तिकिटे उपलब्ध आसनांपेक्षा जास्त भरत होती, तेथे कोणाची तिकिटे रद्द करायची यासाठी सोडत काढण्यात आली. तिकीट न मिळणे आणि मिळालेले तिकीट काढून घेतले जाणे यांत पैशाचा हिशेब सारखाच असला, तरी मनाचा हिशेब सारखा नसतो.

२०२१ च्या ११ जून ते ११ जुलै या काळात अकरा शहरांत ही स्पर्धा झाली आणि प्रत्येक शहराचा नियम वेगळा होता. बुडापेस्टने संपूर्ण मैदान उघडले, तर म्युनिकमध्ये सुमारे १४,५०० जणांनाच प्रवेश होता. डब्लिनला प्रेक्षकांची हमी देता आली नाही, म्हणून तेथील सामने सेंट पीटर्सबर्ग आणि वेम्बली येथे हलवले गेले. बिल्बाओचे सामने सेव्हिलला गेले. वेम्बलीवर गटसामन्यांना २२,५०० प्रेक्षक होते, आणि उपांत्य व अंतिम सामन्यांसाठी ती मर्यादा ६०,००० च्या पुढे नेली गेली.

या चढत्या आकड्यांची एक बाजू दुर्लक्षित राहिली. ११ जुलैच्या अंतिम सामन्याला ९०,००० क्षमतेच्या मैदानात अधिकृत उपस्थिती ६७,१७३ होती. आत वीस हजारांहून अधिक आसने रिकामी राहणार, हे बाहेर जमलेल्या बिनतिकिटी जमावाला ठाऊक होते. त्या दिवशीच्या गोंधळाची चौकशी करणाऱ्या लुईस केसी यांच्या अहवालानुसार सुमारे दोन हजार माणसे तिकिटाशिवाय आत घुसली. मैदान भरलेले असते तर घुसून बसायचे कोठे, हा प्रश्न तरी त्यांना पडला असता. रिकामे आसन संसर्ग रोखते, परंतु फाटकावर तेच आमंत्रण ठरते, ही गोष्ट नियोजनात कोणी धरली नव्हती.

प्रश्न : युरोच्या वेम्बलीवरील सामन्यांना कोरोना चाचणीचा दाखला खरोखर तपासला जात असे काय?

उत्तर : दाखला मागितला जात असे. लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झाल्याचे प्रमाणपत्र किंवा बाधा नसल्याचा ताज्या जलद चाचणीचा निष्कर्ष, यांपैकी एक लागे. मात्र ही जलद चाचणी घरी स्वतःच करायची आणि निष्कर्षही स्वतःच सरकारी संकेतस्थळावर नोंदवायचा, अशी सोय होती. नोंद झाली की फोनवर संदेश येई आणि फाटकावर तो संदेश दाखवायचा. चाचणीची काडी नाकात गेली होती की नाही, हे संदेशावरून कळत नाही.

प्रश्न : मर्यादा उठल्यावर प्रीमियर लीगचा पहिला भरगच्च सामना कोणता झाला?

उत्तर : इंग्लंडमध्ये १९ जुलै २०२१ ला मर्यादा उठल्या आणि प्रीमियर लीगचा नवा हंगाम १३ ऑगस्टला ब्रेंटफर्ड विरुद्ध आर्सेनल या सामन्याने सुरू झाला. ब्रेंटफर्ड १९४७ नंतर प्रथमच अव्वल श्रेणीत खेळत होता आणि त्याने तो सामना २-० असा जिंकला. त्याच्या पाठीराख्यांचे ‘ग्रिफिन पार्क’ हे शतकाहून जुने मैदान २०२० च्या जुलैत सुटले होते. तेथील शेवटचा सामना बंद दाराआड झाल्यामुळे कोणालाही आत जाऊन त्याचा निरोप घेता आला नव्हता. नव्या मैदानातील आपल्या आसनावर हंगामी तिकीटधारकांपैकी अनेक जण त्या रात्री पहिल्यांदा बसले.