परसातील कोंबड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी ग्रामप्रिया जातीची एक दिवसाची पंचवीस पिल्ले आणली. मोठ्या खोक्यात वर्तमानपत्रे अंथरून वर शंभर वॅटचा दिवा लावला होता. आठ दिवसांत नऊ पिल्ले गेली. त्यांपैकी पाच एकाच रात्री, वीज गेली असताना, कोपऱ्यात एकमेकांखाली चिरडून मेली. उरलेल्यांपैकी दोघांचे पाय फाकले आहेत. माझे काय चुकले?
— एक वाचक भगिनी, सत्तरी

उत्तर : आपले दुःख मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या खेपेतील पिल्लेही चिऱ्याच्या भिंतीच्या पडवीत अशीच दगावली होती आणि मी बरेच दिवस थंडीलाच दोष देत राहिलो. गोव्यात जुलैमधील हवा फारशी थंड नसते, ती ओली असते. आणि पिल्लू ओल्या जागेवर बसले की त्याच्या अंगातील ऊब खालून जी निघून जाते, ती वरच्या दिव्याने भरून निघत नाही.

प्रथम खोक्याविषयी. चौकोनी खोक्याला कोपरे असतात आणि गारठलेली पिल्ले कोपऱ्यातच दाटी करतात, म्हणून पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे गोल कडे करावे. पंचवीस पिल्लांना चार फूट व्यासाचे कडे पुरते. वर्तमानपत्र गुळगुळीत असल्यामुळे पिल्लाचा पाय घसरतो आणि कोवळे सांधे बाहेरच्या बाजूला वळतात. आपल्या दोन पिल्लांचे तेच झाले असावे. मऊ कापडाच्या पट्टीने दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर सैलसे बांधून ठेवावेत. लवकर उपाय केला तर काही दिवसांत पाय सावरतात. पुढच्या वेळी भाताच्या कोरड्या तुसाचा दोन इंच थर घालून पहिले काही दिवस त्यावर गोणपाट अंथरावे.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे आणि पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी उतरवावे. या हिशेबाने चौथ्या आठवड्यात २६ अंश पुरतात. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसा घरातही साधारण एवढी ऊब असते, त्यामुळे त्यानंतर दिव्याची गरज बहुधा रात्रीपुरतीच उरते. तापमापक नसला तरी पिल्लेच सगळे सांगतात : दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असली तर उकडते आहे, एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे, आणि कड्यात सर्वत्र पसरून खात-झोपत असली तर ऊब बरोबर आहे. एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे लावावेत, म्हणजे एक गेला तरी अंधार होत नाही. वीज गेल्यास गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवाव्यात. करवंट्यांचे निखारे मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नयेत. त्यांचा विषारी वायू पिल्लांनाही मारतो आणि माणसांनाही.

आता ज्याविषयी आपण विचारले नाही, पण ज्याची मला अधिक काळजी वाटते, ते सांगतो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण येते. ती घडवणाऱ्या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ऊब व ओल मिळाली तरच रोग पसरवण्याजोगी होतात. गोव्याच्या पावसाळ्यात ऊब असतेच, तेव्हा आपल्या हातात राहते ती फक्त ओल. पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे, त्याभोवतीचे भिजलेले तूस रोज काढून टाकावे आणि उरलेले सकाळी खालवर करावे. विष्ठेत रक्त दिसले किंवा पिल्ले पंख पाडून बसू लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडून औषध आणावे. खाद्य जमिनीवरच्या गोणीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. कुबट वास आलेली खोबऱ्याची पेंड किंवा बुरशी धरलेला मका फेकून द्यावा, कारण त्या बुरशीचे विष यकृतावर जाते आणि वाळवल्याने वा भाजल्याने नाहीसे होत नाही.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब घालून देतात. तिच्या कुपीत शेकडो मात्रा असतात आणि ती एकदा कालवली की काही तासांतच वापरावी लागते, म्हणून वाड्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लसीकरण करून घ्यावे. लस बर्फात ठेवूनच आणावी. गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसींच्या तारखाही त्याच वेळी पशुवैद्यांकडून लिहून घ्याव्यात.

प्रश्न : मुंगूस खुराड्यात शिरून कोंबड्या मारते. सापळा लावावा का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : लावू नये. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. शिवाय एक गेले तरी दुसरे येतेच. षट्कोनी छिद्रांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवावी. दाराला खाली फट राहू देऊ नये.

प्रश्न : आमची गावठी कोंबडी दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस खुडूक होते. यंदा बारा अंड्यांवर बसवली, तर तीनच पिल्ले निघाली. ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडतात, असे आई म्हणते. ते खरे आहे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आपल्या आईंचे निरीक्षण खरे आहे, कारण तेवढे वेगळे आहे. मेअखेरीस गडगडाट असतो तसा उकाडाही असतो, आणि अंडी बिघडतात ती उकाड्याने. फळलेले अंडे साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर ठेवले की त्यातील जीव थोडाथोडा वाढू लागतो. घरात तीस अंश असताना दहा-बारा दिवस फडताळात जमवलेल्या अंड्यांत ही अर्धवट वाढ सुरू होते आणि कोंबडी बसण्यापूर्वीच विझते. म्हणून अंडी जास्तीत जास्त पाच-सहा दिवसांचीच घ्यावीत आणि तोवर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, आत कोरडी वाळू घालून, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. ती धुऊ नयेत. कवचावरचा नैसर्गिक लेप गेला की जंतू आत शिरतात. दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असल्याचीही खात्री करावी.

कोंबडी बसल्यावर सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून पाहावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. अंडे पारदर्शक राहिले तर ते काढून टाकावे, नाहीतर उबेत कुजून फुटते आणि बाकीची अंडी नासवते. एकविसाव्या दिवसानंतर आणखी दोन दिवस वाट पाहून न फुटलेली अंडी घराबाहेर नेऊन फोडावीत. आत केवळ रक्ताचे वलय असेल, तर दोष अंडी साठवण्यात होता. पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले असेल, तर शेवटच्या दिवसांत कोंबडी वारंवार उठली का, ते आठवून पाहावे.