पिन मोठ्याने बोलला तर?

प्रश्न : आमची छोटी कंपनी एका पतसंस्थेसाठी मोबाइल ॲप करते आहे. पिन टाकायला आम्ही स्वतःचा कीपॅड बनवला, दर वेळी आकड्यांच्या जागा बदलणारा. टॉकबॅक, म्हणजे दिसत नसलेल्यांना स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, लावून पाहिलं तर फोन एकेक आकडा मोठ्याने म्हणतो. सिक्युरिटीवाले म्हणतात, टॉकबॅक वाचतो ती बटणांची नावं काढा आणि टॉकबॅक चालू असेल तर ॲप उघडूच देऊ नका. मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.
– एक डिझायनर, कोथरूड

उत्तर : नावं काढू नका. अशाच एका बिननावी कीपॅडशी माझी गाठ पडली होती. स्वारगेटच्या बसमध्ये उभा, एका हातात दांडा, दुसऱ्यात फोन, तिसरा हात नसल्यामुळे काठी काखेत. बोट फिरवलं की “बटण... बटण... बटण...” शेवटी शेजारच्या कॉलेजच्या पोराला पिन सांगून टाकला. तुमच्या सिक्युरिटीवाल्यांना हे जरूर ऐकवा : आकडा शेजाऱ्याच्या कानी पडू नये म्हणून नावं काढली होती.

घोळ कीपॅड घरी बनवण्यातच आहे. फोनचाच कीबोर्ड आणि पासवर्डचा साधा रकाना वापरलात तर हा मजकूर गुप्त आहे हे अँड्रॉइडला कळतं. टॉकबॅकमध्ये पासवर्ड बोलण्याची सेटिंग बंद असली की स्पीकरवर आकडा उच्चारला जात नाही, इअरफोन लावला की कानात ऐकू येतो. तुमची बटणं त्याच्या लेखी ‘रद्द करा’सारखीच साधी बटणं. तो बिचारा वाचणारच.

आणि जागा बदलता कशाला? मागून बघणाऱ्यासाठीच ना? मी टॉकबॅकच्या मेनूतून स्क्रीन काळी करून ठेवतो. बघू दे काय बघायचं ते.

टॉकबॅकची भीती मात्र अगदीच खोटी नाही. खात्यातले पैसे पळवणारी कितीतरी घातक ॲप्स (मालवेअर) ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंगांच्या सोयीसाठी ठेवलेली, परवानगी मागून स्क्रीन वाचतात, स्वतःच बटणंही दाबतात. टॉकबॅक त्याच दारातून आत येतो. पण ही परवानगी घेऊन चालू असलेल्या सेवांची यादी तुमच्या ॲपला मिळते. फोनबरोबर आलेला टॉकबॅक कुठला आणि व्हॉट्सॲपवरच्या फाइलमधून घुसलेलं ‘लाइटबिल’ नावाचं बनावट ॲप कुठलं, एवढं तर निवडता येईल? अँड्रॉइड १४ पासून पिनच्या रकान्यावर ‘संवेदनशील’ अशी खूण करता येते. मग स्वतःला ‘अपंगांसाठीचं साधन’ म्हणवणाऱ्या सेवांनाच तो दिसतो. म्हणवून घ्यायला चोरही मोकळा आहे, म्हणून या खुणेवर एकटीवर विसंबू नका, यादीही तपासा. अनोळखी सेवा सापडली तर तिचं नाव सांगून पैसे पाठवणं थांबवा. शिल्लक तरी बघू द्या.

साहेब ऐकत नसतील तर सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल पुढे ठेवा. तो केवायसीबद्दल होता, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकवा म्हणणाऱ्या त्याच केवायसीबद्दल. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

ओटीपीच्या रकान्यात पेस्ट बंद केलं असेल तर तेही उघडा. ॲपची नवीन आवृत्ती झाली की कळवा, संध्याकाळी सहाच्या बसमध्ये, इअरफोन न लावता वापरून बघतो.