घसादुखीवरील चिनी वनौषधी

प्रश्न : चिनी पारंपरिक वैद्यकात घसा दुखण्यावर नेमके काय देतात? प्रत्येकाला वेगळे औषध का मिळते?

उत्तर : घसा दुखतो एवढ्या तक्रारीवर चिनी वैद्य औषध ठरवीत नाही. दुखणे अचानक आले की हळूहळू, तहान लागते का, जिभेचा रंग आणि नाडी कशी आहे, हे पाहून तो त्यामागे ‘वारा व उष्णता’, ‘वारा व थंडी’ की ‘यिन’ (शरीरातील थंडावा व ओलावा) कमी झाल्याने आलेला कोरडेपणा आहे, हे आधी निश्चित करतो. लाल, सुजलेला घसा आणि सोबत ताप हा पहिला प्रकार. त्यावरचा सर्वांत परिचित पाठ (औषधी मिश्रणाची कृती) म्हणजे ‘यिनछ्याव सान’. छिंग राजवटीतील वैद्य वू जूथोंग यांनी तो १८व्या शतकाच्या अखेरीस मांडला. हनीसकलच्या कळ्या आणि फोर्सिथियाची फळे ही त्यातील प्रमुख द्रव्ये असून जोडीला पुदिना, बर्डॉकचे बी, प्लॅटिकोडॉनचे मूळ आणि ज्येष्ठमध असते. सुगंधी द्रव्यांचा गुण फार उकळल्यास उडून जातो, म्हणून वास दरवळू लागताच काढा उतरवावा, अशी सूचना मूळ पाठातच आहे. घाईच्या स्वयंपाक्याला सोयीचीच म्हणायची!

प्लॅटिकोडॉन व ज्येष्ठमध या दोनच द्रव्यांचा काढा मात्र याहून कितीतरी जुना, सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या हान काळातील वैद्य झांग झोंगजिंग यांच्या परंपरेतला आहे. जुनाट कोरडेपणात थंडावा व ओलावा देणारी मुळे योजतात, तर आवाज बसलेल्यांना पांगदाहाई नावाचे, गरम पाण्यात फुगून मऊ होणारे बी सुचवतात. हे सारे शतकानुशतके वापरात असले, तरी त्यावरील आधुनिक चाचण्यांचा दर्जा बहुतांशी कमकुवत आहे, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मला उच्च रक्तदाब आहे. तयार चिनी गोळ्या घेऊ का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नका. ज्येष्ठमध अधिक प्रमाणात वा दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. ‘ल्यूशेन वान’ या प्रसिद्ध गोळ्यांच्या पारंपरिक पाठात तर हृदयावर परिणाम करणारे भेकाचे विष आणि आर्सेनिकयुक्त मनशीळ असते. गर्भवतींनी त्या मुळीच घेऊ नयेत. श्वास घेताना त्रास होत असेल किंवा लाळही गिळता येत नसेल, तर कोणताही काढा करीत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. तपासणीत स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग आढळल्यास प्रतिजैविकांचा सांगितलेला क्रम पूर्ण करावा, कारण उपचाराविना राहिलेल्या अशा संसर्गानंतर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते.